युद्धानंतरचं लंडन, पोलिस आणि पोरं: असं क्राइम नभोनाट्य लिहायचं तर

आता बऱ्याच जणांना घरच्या घरी ऑडिओ ड्रामा करायचा असतो, माइक स्वस्त झालेत, चार मित्र आवाज द्यायला तयार असतात, आणि विषय म्हणून ब्रिटिश पोलिस, धुकं, खून हे पटकन सुचतं. पण लिहायला बसलं की घोडागाडीच्या काळातलं लंडन आणि आजच्या वेबसिरीजमधला इन्स्पेक्टर एकाच सीनमध्ये येऊन बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. इथे एकच काळ धरलाय, १९४५ ते १९५५, आणि एकच प्रकारची गोष्ट: पोलिस आणि साधारण पंधरा ते वीस वयाची गुन्हेगार पोरं. माझं म्हणणं असं आहे की या गोष्टीत खून कोणी केला हे श्रोत्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं तरी काही बिघडत नाही. खरा प्रश्न असतो तो पोरगा किती वर्षांचा आहे हा, कारण तिथल्या कायद्यात फाशी आणि तुरुंग यांच्यात एका वाढदिवसाचं अंतर होतं. हे एवढं पक्कं धरलं की बाकीची स्क्रिप्ट त्याच्याभोवती उभी राहते.

तर पहिलं काम, साल ठरवा, आणि नुसतं साल नाही तर महिना पण. "युद्धानंतर" एवढं म्हणून भागत नाही कारण त्या दहा वर्षांत सगळं भराभर बदलत होतं. ब्रेड युद्धात कधीच रेशनवर नव्हता, तो रेशनवर आला जुलै १९४६ ला आणि सुटला जुलै १९४८ ला. कपड्यांची कुपनं मार्च १९४९ पर्यंत, पेट्रोलची मे १९५० पर्यंत, आणि मांसाचं रेशन थेट जुलै १९५४ पर्यंत. पोरांच्या गोष्टीत सगळ्यात उपयोगी आहे गोळ्या-चॉकलेटचं रेशन, ते एप्रिल १९४९ ला उठलं, दुकानं रिकामी झाली म्हणून ऑगस्टमध्ये परत लागू केलं आणि शेवटी फेब्रुवारी १९५३ मध्ये गेलं. आता विचार करा, पंधरा वर्षांचा पोरगा ज्याला कितीतरी वर्षं चॉकलेट मोजून मिळालंय, त्याच्यासमोर एक माणूस उभा आहे ज्याच्या खिशात नायलॉनचे मोजे, सिगरेटी, पेट्रोलची कुपनं सगळं आहे. तो माणूस म्हणजे स्पिव्ह, काळ्या बाजाराचा फिरता दुकानदार. तुमच्या पोराला गुन्ह्यात ओढणारा माणूस १९४६-४७ मध्ये हाच असणार, किंवा सैन्यातून पळालेला कोणीतरी, ज्याच्याकडे रेशनबुक नाही, ओळखपत्र नाही, म्हणून ज्याला चोरी केल्याशिवाय जेवताच येत नाही. असे फरारी सैनिक लंडनमध्ये हजारोंनी होते.

साल चुकलं की काय होतं त्याची काही उदाहरणं देतो. टेडी बॉय हे नाव पेपरांत आलं १९५३ मध्ये, त्यामुळे १९४८ च्या गोष्टीत लांब कोटवाले टेडी बॉय आणू नका, तेव्हा पेपरवाले कॉश बॉय म्हणायचे, कॉश म्हणजे खिशात मावणारा छोटा सोटा. सोहोमधल्या कॉफी बारचा एस्प्रेसो मशीनचा फुस्स आवाज फार मोहात पाडतो, पण ते बार १९५३ च्या पुढचे, त्याआधी चहा, कळकट कॅफे आणि मिल्क बार. रॉक अँड रोल तर १९५५ च्या आधी अजिबात नाही, त्याआधी डान्स हॉलमध्ये बँड वाजायचा. सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत वाजायचं आणि लोक उभे राहायचे (काही पोरं त्याच्या आत दाराकडे पळायची), पण ६ फेब्रुवारी १९५२ च्या आधी ते "किंग"चं आणि नंतर "क्वीन"चं, कारण त्या दिवशी सहावे जॉर्ज गेले. कोर्टातल्या शब्दांनाही हेच लागू. लंडनची शेवटची ट्राम जुलै १९५२ मध्ये बंद झाली, म्हणून ऑगस्टमध्ये ट्रामची घंटा वाजवली तर ऐकणारा जाणकार तिथेच हेडफोन काढेल.

आता पोरगा. त्याचं चरित्र लिहायच्या आधी त्याची जन्मतारीख लिहा आणि मग युद्धात तो किती वर्षांचा होता ते मोजा. १९३४ ला जन्मलेला पोरगा सप्टेंबर १९३९ ला पाच वर्षांचा, म्हणजे गळ्यात लेबल अडकवून आगगाडीने खेड्यात पाठवलेला, बाप सैन्यात, आई कारखान्यात, शाळा अर्धवेळ, आणि परत आला तेव्हा गल्लीतली निम्मी घरं पडलेली. ती पडकी घरं, बॉम्बसाइट्स, हे त्याचं मैदान. शाळा सोडायचं वय एप्रिल १९४७ पासून १४ चं १५ झालं आणि १९४९ पासून अठराव्या वर्षी सक्तीची सैन्यभरती, म्हणजे पंधरा ते अठरा ही तीन वर्षं पोरगं अगदी मोकळं, ना शाळेचं ना सैन्याचं. नोकऱ्या होत्या बरं का, व्हॅनबॉय, हातगाडी, गोदाम, त्यामुळे "भुकेपोटी चोरी" असं सोपं कारण देऊ नका. होम ऑफिससाठी, म्हणजे तिथल्या गृहखात्यासाठी, लेस्ली विल्किन्स यांनी केलेला एक अभ्यास १९६० मध्ये आला, त्यात म्हटलं होतं की युद्धात जी पोरं चार-पाच वर्षांची होती ती पुढे जास्त गुन्ह्यांत सापडली. त्यावर नंतर टीकाही भरपूर झाली. नाटकात हे तत्त्वज्ञान कोणाच्या तोंडी घालू नका, फक्त वय बरोबर धरा, बाकी आपोआप दिसतं.

कायद्याची वयं मात्र तोंडपाठ पाहिजेत. आठ वर्षांखालच्या पोरावर गुन्हाच नाही. सतरा पूर्ण होईपर्यंत जुवेनाइल कोर्ट, तिथे विग नाही, गर्दी नाही, एका साध्या खोलीत मॅजिस्ट्रेट आणि आईबाप बसलेले. छोट्या गुन्ह्याला प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली घरीच, पोरगा त्यातच पुढे गेला तर अप्रूव्हड स्कूल, म्हणजे सुधारशाळा, आणि सोळा ते एकवीसच्या पोरांना बोर्स्टल, म्हणजे तरुण गुन्हेगारांचं सुधारगृह. बोर्स्टल हे केंट परगण्यातल्या रोचेस्टरजवळच्या गावाचं नाव, तिथे १९०२ मध्ये पहिला प्रयोग झाला, आणि हीच पद्धत आपल्याकडे पण आली, १९२९ चा मुंबई इलाख्याचा बोर्स्टल स्कूल कायदा त्याच्यावरच बेतलेला. १९४८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने कोर्टाने द्यायची फटक्यांची शिक्षा बंद केली आणि कमी मुदतीची कडक डिटेन्शन सेंटर्स आणायचं ठरवलं, त्यातलं पहिलं १९५२ मध्ये उघडलं. म्हणून १९५० च्या गोष्टीत एखादा म्हातारा सार्जंट "फटके बंद केले तिथेच चुकलं" म्हणाला तर ते अगदी खरं वाटेल, पेपरांत रोज हेच चाललेलं असायचं. १९५१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदलेल्या गंभीर गुन्ह्यांचा आकडा पाच लाखांच्या वर गेला होता, लोक खरंच घाबरलेले होते.

आणि खून. खुनाला शिक्षा एकच, फाशी, जजच्या हातात काहीच नाही, फक्त नंतर गृहमंत्री दया दाखवू शकतात. पण गुन्हा करताना (१९४८ च्या कायद्याआधी शिक्षा सुनावताना) आरोपी अठरा पूर्ण नसेल तर फाशी नाही, राजाच्या किंवा राणीच्या मर्जीपर्यंत कैद. शिवाय दोघं मिळून हत्यारासकट चोरीला गेले आणि एकाने गोळी झाडली तर दुसराही खुनी धरला जायचा. ही तिन्ही कलमं एकत्र ठेवली की तुमचं नाटक तयार आहे, सोळा वर्षांचा गोळी झाडतो आणि एकोणीस वर्षांचा, ज्याच्या हातात पिस्तूल नव्हतं, तो लटकतो.

हे मी मनचं सांगत नाहीये. २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये एका गोदामाच्या छतावर ख्रिस्तोफर क्रेग, वय १६, आणि डेरेक बेंटली, वय १९, पोलिसांना सापडले. क्रेगने गोळ्या झाडल्या, डिटेक्टिव्ह फेअरफॅक्स खांद्याला जखमी झाले, आणि पीसी, म्हणजे पोलिस कॉन्स्टेबल, सिडनी माइल्स छताच्या दारातून बाहेर येताच गोळी लागून गेले. बेंटली त्याच्या साधारण पाव तास आधीपासून पोलिसांच्या ताब्यात होता. जूरीने ७५ मिनिटांत दोघांनाही दोषी ठरवलं, बेंटलीला दया दाखवा अशी शिफारसही केली, तरी २८ जानेवारी १९५३ ला वॉन्ड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी झाली. क्रेग १९६३ मध्ये सुटला. बेंटलीची शिक्षा अपील कोर्टाने रद्द केली ती १९९८ मध्ये, घरच्यांनी पंचेचाळीस वर्षं झगडल्यावर. आता याच्याशेजारी दुसरी केस ठेवा. फेब्रुवारी १९४८, उत्तर लंडनमधलं साउथगेट, पीसी नॅथॅनियल एडगर यांनी एका संशयिताला हटकलं, त्याचं नाव-पत्ता आपल्या डायरीत लिहून घेतला आणि त्याने त्यांना गोळ्या घातल्या. तो डोनाल्ड थॉमस, सैन्यातून पळालेला तरुण. त्याला फाशीची शिक्षा झाली पण तो वाचला, कारण त्याच एप्रिलमध्ये हाउस ऑफ कॉमन्सने फाशी पाच वर्षं थांबवायचा ठराव केला होता, वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, तो नंतर फेटाळला, पण मधल्या महिन्यांत गृहमंत्री फाशीच्या सगळ्या शिक्षा बदलून देत होते. ज्याने पोलिसाला मारलं तो जगला आणि ज्याने एकही गोळी झाडली नाही तो गेला, मध्ये फक्त पाच वर्षं. म्हणून म्हटलं महिना पण ठरवा.

आता पोलिस. इथे आपल्या डोक्यातली पोलिस चौकी बाहेर काढून ठेवावी लागते. एफआयआर नाही, पंचनामा नाही, पंच नाहीत, लाठी नाही, कमरेला पिस्तूल नाही. बीटवरचा कॉन्स्टेबल एकटा, पायी, सावकाश ठरलेल्या चालीने फिरतो, त्याच्याकडे छोटा दंडुका, शिट्टी, टॉर्च आणि डायरी. अंगावर वायरलेस नाही, तो आला साठच्या दशकात. मदत पाहिजे तर शिट्टी वाजवायची नाहीतर रस्त्यावरच्या निळ्या पोलिस बॉक्सपर्यंत पळायचं, आणि स्टेशनला त्याच्याशी बोलायचं असेल तर त्या बॉक्सवरचा दिवा लुकलुकणार, त्याने तो बघितला तर ठीक. नाटकासाठी ही केवढी मोठी सोय आहे, कारण छतावर, गल्लीत, पडक्या घरात पोलिस आणि पोरगा खरोखर एकटे सापडतात आणि मिनिटभर तरी कोणी येऊ शकत नाही. गाड्यांमध्ये वायरलेस होता, ९९९ नंबर लंडनमध्ये १९३७ पासून होता, स्कॉटलंड यार्डची इन्फर्मेशन रूम गाड्यांना निरोप द्यायची, आणि गाडी यायची ती घंटा वाजवत, ट्रिंग ट्रिंग अशी सलग विजेची घंटा. आजचा वरखाली होणारा सायरन लावलात की सगळं गेलं.

चौकशीच्या सीनला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, इंग्लंडमध्ये तो चालायचा, फक्त स्वखुशीने दिला पाहिजे एवढी अट. त्यामुळे तिथल्या स्टेशनातल्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, पेन्सिलीने लिहिलेली दोन पानं म्हणजे एखाद्याचा जीव. आधी ताकीद द्यायची पद्धत होती, की बोलायची सक्ती नाही पण जे बोलशील ते लिहून घेतलं जाईल आणि पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकेल. ही ताकीद नाटकात पूर्ण म्हणू द्या, घाईत नको, आणि पोरगा ती ऐकतोय पण त्याला कळत नाहीये हे नुसत्या "हो, हो"मधून कळू दे. मग तो सांगतो आणि डिटेक्टिव्ह लिहितो. पोरगा म्हणतो "मग मी तिकडं गेलो, म्हणजे तो म्हणाला म्हणून, मला काय माहीत नव्हतं", आणि डिटेक्टिव्ह लिहिता लिहिता मोठ्याने वाचतो "त्यानंतर मी सदर इमारतीच्या मागील बाजूस गेलो". पोराचं वाक्य पोलिसांचं होऊन जातं, आणि तो खाली सही करतो, किंवा त्याला नीट लिहितावाचता येत नसेल तर कशीबशी नाव गिरवतो. बेंटलीच्या जबाबाबद्दल नेमका हाच वाद झाला, भाषाशास्त्रज्ञ माल्कम कूल्टहार्ड यांनी दाखवलं की त्या जबाबातली वाक्यरचना पोलिसांच्या लिहिण्याची आहे. रेडिओवर हा सीन सिनेमापेक्षा भारी होतो कारण आपल्याकडे दाखवायला दुसरं काही नाहीच, एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचं वाचणं, बस.

मात्र डिटेक्टिव्हला खलनायक करू नका. त्याचा सहकारी मेलाय, तो झोपलेला नाही, आणि त्याला मनापासून वाटतंय की आपण बरोबर करतोय. त्या काळचे बरेच पोलिस स्वतः युद्धातून परतलेले, दलात माणसं कमी, पगार तुटपुंजा. पोरगाही निरागस कोकरू नको. क्रेगचा मोठा भाऊ सशस्त्र दरोड्यासाठी बारा वर्षं आत गेला होता, छतावरच्या रात्रीच्या काहीच दिवस आधी, आणि पोलिसांबद्दल क्रेगच्या डोक्यात राग होता. राग खरा असतो आणि पिस्तूल पण खरं असतं, युद्धातून बाप-भावांनी आठवण म्हणून आणलेली हत्यारं घराघरांत पडलेली होती. दोघांच्या बाजूने श्रोत्याला पाच-पाच मिनिटं तरी वाटलं पाहिजे की हाच बरोबर आहे.

प्लॉट सुचत नसेल तर एखादी वस्तू घ्या. १९५१ मध्ये ऑर्सन वेल्सच्या आवाजातली "द ब्लॅक म्युझियम" ही रेडिओ मालिका हेच करायची, स्कॉटलंड यार्डच्या संग्रहालयातली एक वस्तू उचलायची आणि तिची गोष्ट सांगायची. खऱ्या तपासातही असंच व्हायचं. २९ एप्रिल १९४७ ला शार्लट स्ट्रीटवर भर दुपारी ज्वेलरचं दुकान लुटायला आलेल्या तिघांना अडवायला ॲलेक द अँटिक्विस नावाच्या मोटरसायकलवाल्याने गाडी आडवी घातली, त्याला गोळी घातली गेली, सहा मुलांचा बाप. स्कॉटलंड यार्डचे डिटेक्टिव्ह रॉबर्ट फेबियन यांच्या तपासात टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका इमारतीत टाकून दिलेला रेनकोट सापडला, अस्तराच्या आत दुकानाचं तिकीट, त्यावरून डेप्टफर्डमधलं दुकान, तिथून माणूस. तिघांपैकी जेंकिन्स २३ वर्षांचा आणि गेराटी २१ वर्षांचा, दोघांना फाशी, आणि रोल्ट १७ चा म्हणून वाचला. परत तेच, वय. तुमच्या नाटकात वस्तू निवडताना आवाज करणारी निवडा म्हणजे काम सोपं होतं, सायकलची घंटी, लायटर, कुलूप, बापाचं घड्याळ. रेनकोटला आवाज फारसा नाही पण पाऊस दिला तर आहे.

आवाजांबद्दल आता. माझ्या मते त्या काळाने रेडिओ लिहिणाऱ्याला दिलेल्या दोन मोठ्या देणग्या म्हणजे टेलिफोन बूथ आणि धुकं.

बूथमध्ये दोन बटणं असायची, ए आणि बी. आधी पेनीची नाणी टाकायची, नंबर फिरवायचा, पलीकडून कोणी उचललं की त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो पण तुमचा त्याला येत नाही, बटण ए दाबल्यावर नाणी आत पडतात आणि मग तुमचा आवाज जातो. कोणी उचललं नाही तर बटण बी दाबून नाणी परत. (गल्लीतली पोरं येता-जाता बी दाबून बघायची, कोणाची नाणी राहिलीत का.) १९५१ पर्यंत लोकल कॉलला दोन पेनी, नंतर तीन. आणि ९९९ ला नाणं लागायचं नाही. आता हे बघा, पोरगा फरार आहे, आई एका बेकरीत काम करते, तिथे फोन आहे:

आवाज: जड दार ओढून बंद. रस्त्याचा गोंगाट दबतो. दोन नाणी, एकामागून एक. डायल फिरते, सात वेळा. रिंग वाजते. उचलतात.

आई: हॅलो, बेकरी.

आवाज: पोराचा श्वास.

आई: हॅलो? कोण बोलतंय? बटण दाबा ना, काही ऐकू येत नाहीये.

आवाज: मागे दुकानातली घंटी, एक बाई ब्रेड मागते.

आई: थांबा हं एक मिनिट. हॅलो? (आवाज खाली) रॉनी?

आवाज: बटण. लाइन तुटते. नाणी खणखणत खालच्या वाटीत.

कॉन्स्टेबल (दाराबाहेरून, काचेवर टकटक): झालं का रे तुझं? बाहेर रांग लागलीये.

एवढ्या सीनमध्ये पोराला एकही वाक्य नाही, तरी तो कुठे आहे, कोणाला फोन करतोय, का बोलत नाहीये, सगळं कळतं, आणि शेवटच्या ओळीतल्या कॉन्स्टेबलला अजून काहीच माहीत नाही. इथे निवेदक लागत नाही. नवीन लिहिणाऱ्यांची सवय असते की पात्राच्या तोंडून सगळं वदवून घ्यायचं, "अरे, तुझ्या हातात तर पिस्तूल आहे!" असलं. त्यापेक्षा समोरचा गप्प झाला, मग खुर्ची सरकली, मग "ते खाली ठेव" एवढंच म्हणाला तर जास्त भीती वाटते.

धुक्याचं बघा. ५ ते ९ डिसेंबर १९५२, लंडनवर कोळशाच्या धुराचं असं दाट धुकं बसलं की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात, बसच्या पुढे कंडक्टर मशाल घेऊन चालायचे, आणि त्या काळच्या हिशोबाने चारेक हजार माणसं गेली. क्रेग-बेंटलीचा खटला ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या मुख्य फौजदारी कोर्टात, ९ डिसेंबरलाच सुरू झाला. धुक्यात कोणालाच काही दिसत नाही, म्हणजे पोलिस, पोरगा आणि तुमचा श्रोता तिघंही एकाच पातळीवर, आवाजावरून अंदाज लावणारे. पाठलाग इथे घाला. पावलं, थांबतात, परत पावलं, कुठेतरी खोकला, विटांच्या ढिगावरून एक वीट घसरते. संगीत अजिबात नको. धुक्यात आवाज कोरडा आणि जवळचा ठेवा, प्रतिध्वनी काढून टाका, आणि कोर्टात मात्र मोठा हॉल वाटेल एवढा द्या.

भाषेचं काय करायचं हे मराठीत लिहिणाऱ्याला अडतंच. पोराच्या तोंडी टपोरी मुंबईची बोली घातली की ऐकणारा लंडनमधून थेट परळला पोचतो, म्हणून ते नको. बोली दाखवायचीच तर वाक्यं तोडून, शेपटं गिळून, जड शब्द टाळून दाखवा. खरी ताकद तू आणि तुम्हीमध्ये आहे, ही सोय इंग्रजीला नाही. कॉन्स्टेबल गल्लीतल्या पोराला लहानपणापासून ओळखतो, तो "काय रे" म्हणणार. पोरगा त्याला "तुम्ही" म्हणणार, आणि ज्या सीनमध्ये हातात हत्यार आल्यावर तो पहिल्यांदा "तू जा इथून" म्हणेल तो तुमचा मधला टप्पा. कोर्टात वकील त्याच पोराला "तुम्ही" म्हणायला लागतो तेव्हा ते ऐकून अंगावर काटा येतो. इन्स्पेक्टरला खालचे लोक "सर" म्हणतील, "साहेब" म्हटलं की आपलं पोलिस स्टेशन आठवतं. आणि पात्रांनी एकमेकांची नावं सुरुवातीच्या ओळींत दोनतीनदा घ्यावीत, नाहीतर दोन तरुण पुरुषी आवाज कानाला वेगळे कळत नाहीत. त्याहून बरं म्हणजे आवाज निवडतानाच फरक ठेवा, एक घोगरा, एक पातळ.

जुन्या कार्यक्रमांतून ऐकून शिकायचं तर त्यांचं वळण समजून ऐका. बीबीसीवर "पीसी ४९" १९४७ ते १९५३ चालली, ब्रायन रीस यांचा आवाज, पण ती हलकीफुलकी, गमतीदार. "डिक बार्टन" १९४६ ते १९५१, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, पोरं खेळ सोडून घरी पळायची, आणि पोरांवर वाईट परिणाम होतो अशा तक्रारी आल्यावर बीबीसीने नायकासाठी नियमच काढले, की मारामारी फक्त मुठींनी, शिव्या नाहीत, दारू नाही. वेग आणि एपिसोड कुठे तोडायचा हे या दोन्हींमधून शिकण्यासारखं आहे. पण पोरगा फाशीच्या सावलीत बसलाय असलं काही त्यात नाही, ते तुम्हालाच आणायचंय.

कोर्टाचा भाग छोटा ठेवा, सहा-सात मिनिटं पुरे. जूरी बारा जणांची, निकाल एकमताने पाहिजे, आणि घरमालक-करदाते असल्याशिवाय जूरीत नाव येत नसे म्हणून बहुतेक मध्यमवयीन पुरुष, पोराच्या गल्लीतलं कोणी नाही. जज फाशी सुनावताना विगवर काळं कापड ठेवतात, हे रेडिओवर दिसत नाही, म्हणून गॅलरीतल्या एखाद्या बाईच्या तोंडून एक शब्द निघू दे. फाशीचा सीन लिहू नका. नाटक गृहमंत्र्यांच्या उत्तराआधीच संपवलं तरी चालतं, किंवा उत्तराचं पत्र घेऊन पोस्टमन दारात येतो तिथे. माझी पसंती मात्र लहान आरोपीवर संपवायला, जो वाचलाय आणि ज्याला आता वाढदिवस मोजत बसायचंय.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. तीस मिनिटांच्या नाटकाला साडेतीन हजारांच्या आसपास शब्द पुरतात, आवाजांना जागा लागते. पात्रं सहाच्या वर नकोत. जाड रजया टांगलेली खोली किंवा कपाटासमोरचा कोपरा हा तुमचा स्टुडिओ. बॉम्बसाइटसाठी परातीत विटांचे आणि कौलांचे तुकडे घेऊन त्यावर बूट दाबा, पेनीसाठी जाड जुनी तांब्याची नाणी पत्र्याच्या डब्यात, हल्लीची हलकी नाणी फार किणकिणतात. पावलांसाठी चामडी तळाचे बूट, रबरी सोल नको. जुन्या मालिकांचं शीर्षकसंगीत उचलू नका, हक्क असतात, साधा माउथऑर्गन वाजवणारा कोणी मिळाला तर त्याच्यावर भागतं. खऱ्या केसवरून लिहिलंत तर नावं, गाव, गोदाम सगळं बदला, कारण त्या लोकांचे नातेवाईक आजही आहेत, आणि वयं तेवढी बदलू नका. स्क्रिप्ट झाली की पहिल्या पानावर प्रत्येक सीनची तारीख आणि त्या दिवशीचं पोराचं वय पेनाने लिहा, आणि आवाज देणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तेच पान आधी द्या.